पंपाखालची जमीन

बेळगावच्या जुन्या पी. बी. रोडवर किंवा निपाणी, संकेश्वर या गावांच्या पोटातून जाणाऱ्या जुन्या महामार्गावर एखाद्या मोकळ्या जागेत पूर्वी पेट्रोल पंप होता का, हे ओळखायचं तर नजर वर न्यावी. यंत्रं केव्हाच काढून नेलेली असतात, छताचा पत्रा विकलेला असतो, पाटी पुसलेली असते. पण भिंतीला धरून वर गेलेला, टोकाला बारीक जाळी असलेला एखादा लोखंडी नळ राहून जातो. तो टाकीचा व्हेंट पाइप. ऊन वाढलं की पेट्रोलची वाफ त्यातून बाहेर पडते आणि टँकर खाली होताना आतली हवाही त्यातूनच निघते. नळ उभा असेल तर खाली टाकी असायचा संभव मोठा. ती रिकामी आहे का, वाळूने भरली आहे का, आणि ती चालू होती त्या वर्षांत तिच्यातून मातीत काय झिरपलं, हे मात्र त्या नळाकडे बघून कळत नाही.

या टाकीचा मागोवा घ्यावासा वाटतो तो एवढ्यासाठी, की जमिनीखाली जाण्याचा तिचा प्रवास एका भीतीतून झाला आणि दुसरी भीती वाटायला माणसाला पाऊणशे वर्षं लागली. सीमाभागातला हा पट्टा त्या दुसऱ्या भीतीपर्यंत अजून नीटसा पोचलेला नाही.

आपल्याकडे इंधन आलं ते डब्यातून. आधी दिव्याचं रॉकेल, चार गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात. तो डबा रिकामा झाला की धान्याला, पाण्याला, पत्रा उलगडून झोपडीच्या कुडाला, असा वर्षानुवर्षं वापरला जाई. पुढे मोटारी आल्या तेव्हा पेट्रोलही दोन-दोन गॅलनच्या सीलबंद डब्यांतून दुकानात मिळे. मोटारवाला डबा फोडून, नरसाळं लावून टाकीत ओती. ओतताना सांडे, वाफ पसरे, आणि जवळ विडी पेटलेली असली तर दुकानासकट सगळं जाई.

डब्याला पर्याय शोधला तो अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावच्या सिल्व्हेनस बाउझर या माणसाने. १८८५ साली त्याने जेक गम्पर नावाच्या वाण्याला हाताने ओढायचा रॉकेलचा पंप विकला. यामागची हकीकत अशी सांगतात, की वाण्याच्या दुकानात लोण्याचं पिंप आणि रॉकेलचं पिंप शेजारी-शेजारी होतं, रॉकेल गळून लोण्यात उतरलं आणि गिऱ्हाइकाने लोणी परत आणलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पेट्रोल पंपाच्या वंशावळीतला मूळपुरुष जन्माला आला तो इंधन खाण्याच्या पदार्थात मिसळलं म्हणून. तिथली गळती लगेच कळली, कारण पिंप डोळ्यांसमोर होतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मोटारी वाढल्या, साठा वाढला, आणि टाकी जमिनीखाली गेली. कारण आग, दुसरं काही नाही. मातीखाली ठिणगी पोचत नाही, उन्हाने तेल तापत नाही, शेजारचं घर पेटलं तरी साठा पेटत नाही. आगीपुरतं पाहिलं तर हा उपाय चोख होता आणि आजही आहे. आपल्याकडचा १९३४ चा पेट्रोलियम कायदा, त्याखालचे नियम, परवाने देणारं नागपूरचं स्फोटकांचं मुख्य कार्यालय, या सगळ्यांची नजर आगीवर राहिली. टाकी भिंतीपासून किती दूर, नळाचं तोंड किती उंच, वीजजोडणी कशी. जमीन म्हणजे टाकीवरचं पांघरूण, एवढंच तिचं काम धरलेलं होतं.

मुंबई इलाख्यात बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक, कॅलटेक्स या कंपन्यांचे पंप रस्त्याकडेला उभे राहिले. हाताने दांडा हलवून वरच्या काचेच्या नळकांड्यात गॅलनभर पेट्रोल चढवायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि मग सोडायचं. १९५४-५५ मध्ये ट्रॉम्बेला स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेलचे शुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि माल मुबलक झाला. एस. टी. १९४८ मध्ये सुरू झाली होती. आगारांना डिझेलच्या आपल्या स्वतंत्र टाक्या लागल्या. मग १ नोव्हेंबर १९५६ आला. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. माणसांचं काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण कागदांचंही काही झालं. टाकी बसवताना जिल्हाधिकाऱ्याचा ना-हरकत दाखला मुंबई राज्याच्या काळातला, पुढची तपासणी म्हैसूरच्या काळातली, १९७३ नंतरची कर्नाटकाच्या. मालकही बदलले. स्टॅनव्हॅकची पुढे झालेली एस्सो १९७४ मध्ये सरकारकडे येऊन हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, १९७६ मध्ये बर्मा-शेलची भारत पेट्रोलियम झाली, कॅलटेक्स हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. पन्नाशीच्या दशकात पुरलेल्या टाकीने आपल्या जागेवरून न हलता दोन राज्यं आणि दोन मालक पाहिले असतील.

टाकी साध्या पोलादी पत्र्याची, आडवी, नळकांड्यासारखी. वर डांबराचा लेप, भोवती वाळू. लेप जिथे खरचटला तिथे गंज धरतो, आणि कुठल्या मातीत तो किती लवकर धरतो हे मातीवर असतं. इथे आपल्या पट्ट्याचं वेगळेपण सुरू होतं, कारण कागलहून निघून बेळगावला पोचेपर्यंत पायाखालची जमीन बदलत जाते.

निपाणीची तंबाखूची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. ती ओल धरून ठेवते, तिच्यात क्षार असतात, वीज तिच्यातून सहज वाहते. उघड्या लोखंडाला अशी माती वाईट. शिवाय फुगताना आणि आकसताना ती नळांचे सांधे ओढते, आणि गळती पुष्कळदा टाकीपेक्षा नळांच्या सांध्यांतूनच होते. ओली काळी माती तेलाला सहज वाट देत नाही, पण एप्रिल-मे महिन्यातल्या भेगा सरळ खाली मुरमापर्यंत नेतात. मुरमाखाली काळा पाषाण, त्यातल्या चिरांतून पाणी वाहतं, आणि चीर कुठे वळेल याचा अंदाज वरून येत नाही. पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ राहून दोन शेतं सोडून तिसऱ्याच्या बोअरला वास येऊ शकतो.

बेळगावकडे, विशेषतः शहराच्या पश्चिमेला, तांबडी माती आणि जांभा. जांभ्याला आरपार पोकळ्या असतात. पाऊस पडला की विहिरी भरभर चढतात, आणि पाणी ज्या वाटेने उतरतं त्याच वाटेने तेलही उतरतं. याच जांभ्याने बेळगावला विहिरी दिल्या. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा पाण्यासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. राकसकोपचं आणि हिडकलचं नळाचं पाणी आल्यावर शहराने आपल्या विहिरींकडे पाठ फिरवली होती. नव्वदच्या दशकातल्या टंचाईने त्यांची आठवण करून दिली, महापालिकेने जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या. ज्या शहराला आडवेळी विहिरीच तारतात, त्याने विहिरीच्या भोवताली जमिनीखाली काय पुरलेलं आहे याची विचारपूस करायलाच हवी.

गळती कळत कशी नाही, असा प्रश्न साहजिक आहे. पंपावर रोज सकाळी डिप मारतात. पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची खुणांची काठी टाकीत सोडायची, किती उंचीपर्यंत भिजली ते बघायचं, तक्त्यावरून लिटर काढायचे, आदल्या दिवसाची विक्री वजा करायची. काठीच्या टोकाला पेस्ट लावतात, खाली पाणी असलं तर तिचा रंग पालटतो. पंपावरचा जुना माणूस या काठीवरून बरंच काही सांगू शकतो, आणि जगात कुठेही गळतीचा तपास त्याच्या वहीपासूनच सुरू होतो. पण हिशोब मांडून बघा. वीस हजार लिटरची टाकी साधारण २ मीटर व्यासाची आणि साडेसहा मीटर लांब असते. ती अर्धी भरलेली असताना तेलाचा पृष्ठभाग १३ चौरस मीटर होतो. म्हणजे काठी वाचताना १ मिलिमीटरची चूक झाली तर १३ लिटरचा फरक. तेल तापमानाने फुगतं-आकसतं. दहा हजार लिटर पेट्रोल एका अंशाने निवलं तर दहा-बारा लिटर कमी भरतं. उन्हातून आलेला टँकर थंड जमिनीतल्या टाकीत रिकामा झाला की घट दिसणारच. त्यात वाफ होऊन उडालेलं धरा. या सगळ्या घटींच्या आड रोज ५ लिटरची गळती कुठेही उठून दिसत नाही, आणि वर्षाला ती १,८२५ लिटर होते. वहीत लबाडी नसली तरीही.

अमेरिकेला हे १९७७ मध्ये केप कॉडवर कळलं. प्रॉव्हिन्सटाउन गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरींजवळच्या एका पंपाच्या टाकीतून सुमारे ३,००० गॅलन पेट्रोल वाळूत उतरलं आणि विहिरी बंद कराव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर देशभर पुरलेल्या साध्या पोलादी टाक्या एकाच सुमारास सडू लागल्या होत्या. १९८४ मध्ये तिथे कायदा झाला, १९८६ मध्ये साफसफाईसाठी निधी उभा राहिला, आणि २२ डिसेंबर १९९८ पर्यंत जुन्या टाक्या सुधारा, बदला किंवा बंद करा असा हुकूम निघाला. तेव्हापासून साडेपाच लाखांहून जास्त ठिकाणच्या गळती नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक साफ झाल्या. हा आकडा वाचून अमेरिकेत गळती फार, असं वाटेल. मला त्यात दिसतं ते असं की त्यांनी मोजायला सुरुवात केली.

आपल्याकडे हा विषय लोकांसमोर आला तो मोठ्या नळांच्या निमित्ताने. २०१३ मध्ये चेन्नईतल्या तोंडियारपेटमध्ये घरांच्या बोअरमधून इंधन मिसळलेलं पाणी येऊ लागलं. माग निघाला तो भूमिगत तेलवाहिनीचा, आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. आपल्याला त्याहून जवळची घटना गोव्यातली. जानेवारी २०२४ मध्ये दाबोळीजवळच्या माटवे इथल्या विहिरींत इंधन उतरलं, एका विहिरीने तर पेट घेतला. मुरगाव बंदराकडून साठवणीच्या टाक्यांकडे जाणाऱ्या भूमिगत वाहिनीकडे बोट गेलं. माटव्याखाली जांभाच आहे, बेळगावच्या पश्चिमेला आहे तसाच. गोव्यात तेल वाहिनीतून सुटलं, प्रमाण मोठं होतं, म्हणून ते दिसलं. पंपाची गळती बारीक असते आणि ती कित्येक वर्षं चालते.

एखाद्या बोअरला वास आलाच, तर शोध घ्यायचा कसा? आधी वह्या: त्या पंपाच्या डिपच्या नोंदी, टँकर आल्याच्या पावत्या. मग टाकीची आणि नळांची दाबचाचणी. मग जमीन. टाकीच्या भोवती थोड्या-थोड्या अंतरावर भोकं पाडून दर फुटाची माती काढायची. ती बरणीत झाकून ठेवायची, बरणीच्या तोंडाशी वाफ मोजणारं छोटं यंत्र धरायचं. काळी माती तेल प्यालेली असली तर हिरवट-राखी छटा येते, पण डोळ्यांवर विसंबून भागत नाही. नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जावे लागतात, कारण पेट्रोलमधले बेंझीन, टोल्युइन यांसारखे घटक बरणी उघडी राहिली तर उडून जातात. सर्वांत दूषित थर बहुधा पाण्याच्या पातळीच्या किंचित वर सापडतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते तिथे येऊन पसरतं.

मग पाणी कुठल्या दिशेने सरकतंय ते बघायचं. त्यासाठी किमान तीन निरीक्षण-विहिरी लागतात, त्रिकोणात. तिन्हींमधली पाण्याची उंची मोजली की उतार कळतो. हे काम एकदा करून भागत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली जातं तेव्हा तेलही त्याच्या पाठोपाठ खाली उतरतं आणि वाटेतल्या मातीला माखून ठेवतं. पावसाळ्यात पाणी चढलं की ते तेल मातीच्या कणांत अडकून पाण्याखाली राहतं आणि विहिरीतला तवंग दिसेनासा होतो. जुलैत नमुना घेऊन "काही नाही" असा शेरा मारला तर तो शेरा मे महिन्यात खोटा ठरू शकतो. आपल्या पावसाच्या मुलखात दोन्ही ऋतूंत तपासल्याशिवाय निकाल देऊ नये.

धोका केवढा, याचाही अंदाज हवा. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का असतं. बेंझीनने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरतं. ते सगळं पाण्यात उतरलं तर पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेला जाऊन टेकेल. सहा मीटर व्यासाच्या आणि पाच मीटर पाणी असलेल्या सहा विहिरी. प्रत्यक्षात सगळं उतरत नाही. बरंचसं उडून जातं, बरंचसं मातीतले जिवाणू खातात. कॅलिफोर्नियातल्या शेकडो गळतींचा १९९५ मध्ये अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं, की बहुतेक ठिकाणी दूषित पाण्याचा पट्टा सुमारे अडीचशे फुटांच्या आतच थांबतो. मातीची ही ताकद खरी आहे आणि घाबरवून टाकणाऱ्या बातम्यांत ती सांगितली जात नाही. मात्र तो हिशोब वाळू-गाळाच्या जमिनीचा. पाषाणाच्या चिरेत जिवाणूंना बसायला मातीच थोडी असते.

जुन्या टाक्यांच्या मातीत आणखी एक गोष्ट असू शकते: शिसं. इंजिनाची ठोक थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत. देशभरातून ते बंद झालं फेब्रुवारी २००० मध्ये. त्याआधी जी टाकी गळली, तिच्या खालच्या मातीतलं शिसं जिवाणू खाऊ शकत नाहीत. आणि नव्या टाक्यांत आता इथेनॉल. या पट्ट्यातले साखर कारखाने ज्या उसावर चालतात त्याच उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत आलं आहे. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, ते मिळावेत. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत पाणी शिरलं तर ते पाण्यासकट तळाशी वेगळं होतं आणि तिथला पत्रा कुरतडतं. जमिनीत गळलं तर जिवाणू आधी इथेनॉलवर तुटून पडतात, प्राणवायू संपवतात, आणि बेंझीन तेवढं लांब जातं. म्हणजे अडीचशे फुटांचा तो दिलासा, जुन्या पेट्रोलवरून काढलेला, नव्या पेट्रोलला जसाच्या तसा लावता येणार नाही.

सीमेवरच्या पंपांची गोष्ट करातून घडली आहे. पेट्रोल-डिझेल जी.एस.टी.च्या बाहेर आहे, दोन राज्यांचे कर वेगळे, आणि बहुतेक काळ कर्नाटकातलं डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असे. त्यामुळे दूधगंगेचा पूल ओलांडून कोगनोळीकडे आलं की पंप दाट होतात, तिथे एम. एच. पाटीचे ट्रक रांगा लावत. या रस्त्याचं मोल निपाणीला आधीपासून माहीत होतं. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादकांनी याच महामार्गावर ठाण मांडलं होतं, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकऱ्यांचे प्राण गेले. पुढे चौपदरीकरण झालं, महामार्ग गावांच्या बाहेरून गेला, त्याच्या काठी नवे पंप आले. गावातल्या जुन्या पंपांचं गिऱ्हाईक तुटलं. चालू पंपाकडे कुणाचं तरी लक्ष असतं; बंद पंपाची जागा विकली जाते, तिथे गाळे येतात, पाया खणला जातो, बोअर मारली जाते. रीत अशी की टाकी रिती करून, आतली वाफ काढून, एकतर उपसून न्यावी किंवा वाळूने भरावी. खालची माती तपासावी असं मात्र जागा घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: शाळा, रुग्णालयं, वस्ती यांपासून ५० मीटर अंतर ठेवावं, आणि गळतीने माती-पाणी नासलं तर जबाबदारी ठरवावी. सूचना चांगल्या आहेत, पण त्या नव्या पंपांसाठी. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आले. त्यांत पहिलं काम जिल्हा प्रशासनाकडे आहे: संशयित जागांची यादी करायची आणि ती दर सहा महिन्यांनी राज्य मंडळाला द्यायची. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. इथे यादी करणारे दोन जिल्हाधिकारी आहेत, बेळगावचे आणि कोल्हापूरचे, मंडळंही दोन. वेदगंगा महाराष्ट्रातून येते, निपाणीजवळून जाते, भोजला दूधगंगेला मिळते, आणि तिच्या काठच्या विहिरी दोन्ही मंडळांच्या नकाशांवर अर्ध्या-अर्ध्या आहेत. त्या दोन याद्या शेजारी ठेवून वाचणारा अधिकारी नेमायला सीमावादाच्या कुठल्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.

ही यादी हवेतून काढावी लागणार नाही. प्रत्येक परवान्याला जागेचा नकाशा जोडलेला असतो. त्यात टाकी कुठे, किती लिटरची, व्हेंट पाइप कुठे, सगळं आखलेलं असतं. ना-हरकतीची प्रत जिल्हाधिकारी कचेरीत जाते, परवान्याची स्फोटक विभागाकडे, तेल कंपनीकडेही एक प्रत असते. बेळगाव जिल्ह्यातल्या जुन्या पंपांसाठी १९५६ च्या आधीचे मुंबई राज्याचं दप्तरही उघडावं लागेल, आणि त्या काळातल्या टाक्या सर्वांत आधी शोधायला हव्यात, कारण जमिनीखाली सर्वाधिक वर्षं त्यांच्याच लोखंडाने काढली आहेत. नकाशा हाती आला की त्या जागेच्या शंभर मीटर परिघातल्या आड, विहिरी आणि बोअर मोजायच्या, मालकांना कळवायचं, आणि दोन नमुने घ्यायचे: एक मे महिन्यात, एक सप्टेंबरात.